मेहकरला चित्र अडकतं तेव्हा

मुंबई ते बुलढाणा जिल्ह्यातलं मेहकर सरळ रेषेत साधारण ४०० किलोमीटर. एसटीने निघालं तर रात्र जाते. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला, तेव्हापासून गाडीवाल्यांचा वेळ बराच वाचतो. काचेच्या तंतूतून धावणाऱ्या प्रकाशाला मात्र रस्त्याची अशी अडचण कधीच नव्हती. तंतूत त्याचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. ४०० किलोमीटरला त्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. केबल वळसे घेत, सांध्यांतून, यंत्रांतून येते हे धरून हा वेळ पाचपट केला, तरी पापणी लवण्याच्या आत काम होतं. आणि तरीही संध्याकाळी बसस्टँडवर फोनवर सामना लावला की पडद्यावर गोल फिरायला लागतो. शेजारी उभा असलेला म्हणतो, ‘मुंबईहून यायचं म्हणजे वेळ लागणारच.’

हा वेळ मुंबईच्या रस्त्यात जात नाही. तो जातो मेहकरात पोचल्यावर, शेवटच्या दोन-चार किलोमीटरांत, आणि कधी कधी शेवटच्या दोन भिंतींत. तो तिथे जातो हे चित्र पाठवणाऱ्या कंपनीला नीट दिसत नाही, हा या विषयातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. पण आधी चित्र निघतं कुठून ते बघू.

२३ ऑगस्ट २०२३ची संध्याकाळ सगळ्यांना आठवत असेल. चांद्रयान-३ सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रावर उतरलं, तेव्हा इस्रोचं यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण एकाच वेळी ८० लाखांहून जास्त ठिकाणी चालू होतं. समजा, प्रत्येकाला २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २० लाख बिट लागले. ८० लाख गुणिले २ म्हणजे १ कोटी ६० लाख एमबीपीएस. एवढा प्रवाह एकाच इमारतीतून बाहेर काढणं व्यवहार्य नाही. म्हणून मूळ चित्र एकदाच बाहेर पडतं आणि ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर त्याच्या प्रती ठेवल्या जातात. बघणाऱ्याला जवळची प्रत मिळते. अमेरिकेतल्या एमआयटीमधले गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी १९९८मध्ये अकामाई ही कंपनी काढली, ती याच कामासाठी. कुठली प्रत कुठे ठेवायची, आणि मागणी अचानक वाढली तर भार कसा वाटायचा, हा त्यांच्यासाठी मुळात गणिताचा प्रश्न होता. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळलेल्या पहिल्या विमानात लेविन होता. त्या दिवशी बातम्यांच्या संकेतस्थळांवर जगभरातून झुंबड उडाली, आणि त्यांतली अनेक त्यानेच उभ्या केलेल्या व्यवस्थेच्या आधाराने तग धरून राहिली.

आज गूगल आणि नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या आपल्या प्रतींनी भरलेले सर्व्हर इंटरनेट सेवा देणाऱ्यांच्या केंद्रांतच नेऊन ठेवतात. पण असा सर्व्हर मिळायला त्या सेवादाराकडे पुरेशी वाहतूक असावी लागते. तालुक्याच्या गावात फायबर देणारा केबलवाला सहसा त्यात बसत नाही. तो ज्या मोठ्या सेवादाराकडून बँडविड्थ विकत घेतो, त्याच्या केंद्रात ती प्रत असते. म्हणजे चित्र मेहकरच्या वेशीपर्यंत येऊन थांबलेलं नसतं, पण फार लांबही नसतं.

दुसरा चमत्कार चित्र लहान करण्याचा. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट, सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार करून पाहा, सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. प्रत्यक्षात तोच सामना ५० लाख बिटांत, म्हणजे ५ एमबीपीएसमध्ये घरी येतो. जवळपास अडीचशेपट कमी. याच्या मुळाशी बंगळूरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचं काम आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी १९७२मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे या कल्पनेसाठी निधी मागितला. तो मिळाला नाही. तरी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ती तडीस नेली आणि १९७४च्या जानेवारीत त्यांचा ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’वरचा शोधनिबंध छापून आला. चित्राचे लहान लहान चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात सावकाश बदलणारा रंग-उजेड एकीकडे आणि बारीक तपशील दुसरीकडे असे वेगळे करायचे, आणि डोळ्याला ज्याचा पत्ता लागत नाही तो बारीक तपशील गाळायचा. शिवाय आधीच्या चित्रातलं जे हललंच नाही ते परत पाठवायचं नाही. २००३चं एच-२६४ असो, २०१३चं एचईव्हीसी असो की २०१८चं एव्ही-१, ही वंशावळ इथून सुरू होते. नेट फारच कमी पडलं की चेंडूच्या जागी रंगीत चौकोन दिसायला लागतात. गाळण्याचं काम हद्दीबाहेर गेल्याची ती खूण.

आता पाठवणं. पूर्वी व्हिडिओ एकच लांब फाइल म्हणून यायचा. ॲपलने २००९मध्ये एचएलएस ही पद्धत आणली आणि २०१२मध्ये डॅश नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. तेव्हापासून व्हिडिओचे दोन ते सहा सेकंदांचे तुकडे पाडले जातात. प्रत्येक तुकडा अनेक दर्जांत तयार करून ठेवतात: ३ लाख बिटांचा २४०पी, १० लाखांच्या आसपासचा ४८०पी, २५ लाखांचा ७२०पी, ५० लाखांचा १०८०पी. हे आकडे कंपनीगणिक आणि कार्यक्रमागणिक बदलतात, पण उतरंड अशीच. कुठला तुकडा मागायचा हे कंपनीचा सर्व्हर ठरवत नाही. ते ठरवतं तुमच्या फोनमधलं ॲप. मागचे तुकडे किती वेळात उतरले ते पाहून ते पुढच्या तुकड्याचा दर्जा निवडतं. चित्र मध्येच धूसर होतं आणि काही सेकंदांनी स्वच्छ होतं, ते यामुळे.

बुलढाणा जिल्ह्यात घराच्या छतावरच्या पाण्याच्या टाकीचं महत्त्व कुणाला सांगायला नको. नळ रोज येत नाही, पण टाकी भरलेली असेल तर घरात कुणाला कळतही नाही. फोनमधला बफर म्हणजे ती टाकी. ॲप पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवतं. नेट दहा सेकंद गेलं आणि टाकीत वीस सेकंद असतील तर चित्र चालू राहतं. टाकी कोरडी पडली की गोल. २०१४मध्ये स्टॅनफर्डच्या ते-युआन हुआंग आणि सहकाऱ्यांनी नेटफ्लिक्सच्या खऱ्या ग्राहकांवर प्रयोग केला. नेटचा वेग किती असेल याचा अंदाज बांधण्यापेक्षा टाकीत किती शिल्लक आहे ते पाहून दर्जा ठरवला, तर चित्र अडकण्याचं प्रमाण नेटफ्लिक्सच्या तेव्हाच्या पद्धतीपेक्षा १० ते २० टक्के कमी झालं. वरवर साधी वाटणारी ही गोष्ट, पण मोबाइल नेटचा वेग इतका लहरी असतो की अंदाज चुकल्यातच जमा असतो.

थेट प्रक्षेपणात ही टाकी मोठी ठेवता येत नाही. जो चेंडू अजून टाकलाच नाही तो साठवणार कसा? ज्या ॲपला ती मोठी ठेवायची आहे त्याला सामना तेवढा मागे ठेवावा लागतो. म्हणून फोनवरचा सामना पंधरा, वीस, कधी तीस सेकंद उशिरा चालतो आणि डिशवाल्या शेजाऱ्याच्या घरातून षटकाराची आरोळी आधी ऐकू येते. उशीर कमी करायचा तर टाकी लहान, आणि टाकी लहान तर अडकण्याचा धोका जास्त. या ओढाताणीतून अजून कुणी पूर्ण सुटलेलं नाही.

मेहकरातला शेवटचा टप्पा आता जवळून पाहू. मेहकर पैनगंगेच्या काठावर, चढउताराच्या जागेवर वसलेलं गाव. रेल्वे नाही. ज्या गावांना रेल्वे आहे तिथे रुळांच्या कडेने रेल्वेच्या रेलटेल कंपनीची ऑप्टिकल फायबर जाते. इथे फायबर यायची ती रस्त्याच्या कडेने. आणि रस्ता म्हटलं की रुंदीकरण, पाइपलाइन, जेसीबी. ‘जेसीबीने केबल तोडली’ हे वाक्य तालुक्यात ज्याच्या घरी फायबर आहे त्याने ऐकलेलं असतंच. खोदण्याआधी जमिनीखाली काय आहे ते विचारण्यासाठी केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलं. ते ठेकेदाराच्या फोनमध्ये जेवढं जाईल तेवढे फायबर कट कमी होतील.

घरी फायबर असलेल्यांची गोष्ट अशी. गावात वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत एका तंतूतून खाली येणारा प्रवाह सुमारे २५०० एमबीपीएस असतो, आणि स्प्लिटर लावून तो ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. चौसष्टच्या चौसष्ट घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तरी प्रत्येकाला ३९ एमबीपीएस मिळतात. एका फुल एचडी सामन्याला लागतात पाच. म्हणजे गल्लीतला फायबर क्वचितच अडवतो. अडतं ते केबलवाल्याने वरून किती बँडविड्थ घेतली आहे आणि किती ग्राहकांना विकली आहे तिथे, किंवा घरातल्या वायफायवर. राउटर पुढच्या खोलीत, टीव्ही मागच्या खोलीत, मध्ये दगडमातीच्या दोन जुन्या भिंती. मग १०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही टीव्हीपर्यंत पाच पोचत नाहीत. तक्रार करण्याआधी फोन राउटरशेजारी नेऊन तोच व्हिडिओ लावून बघावा. दोष घरातला की बाहेरचा, ते तिथल्या तिथे कळतं.

मोबाइलचं गणित याहून कठीण. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आल्यावर मेहकर-लोणारच्या खेड्यांतही व्हिडिओ पोचला, हे खरोखर मोठं स्थित्यंतर होतं. पण टॉवरची हवा वाटून घ्यायची असते. २० मेगाहर्ट्झच्या ४जी पट्ट्यावर, दोन अँटेनांच्या नेहमीच्या मांडणीत, कागदावरचा कमाल वेग १५० एमबीपीएस. तो एका दिशेतल्या सगळ्या फोनांत मिळून. त्यातही टॉवरजवळच्या फोनला एका खेपेत सहा बिट पाठवता येतात, लांबच्या किंवा चढाआड गेलेल्या फोनला दोनच. म्हणजे लांबच्या शेतातल्या माणसाला तोच व्हिडिओ दाखवायला टॉवरचा तिप्पट वेळ खर्च होतो, आणि तो वेळ बाकीच्यांच्या वाट्यातून जातो. संध्याकाळी शेतातून परतलेला, दुकान बंद केलेला, क्लासवरून आलेला असा सगळा गाव एकदम फोन उघडतो तेव्हा गोल फिरायला लागतो. वेग दुपारी तीनला तपासला तर सगळं छान दिसतं. फोनवर रेंजच्या चारही कांड्या असतात, कारण त्या कांड्या टॉवरचा आवाज किती स्पष्ट येतो एवढंच सांगतात. टॉवरकडे तुमच्यासाठी वेळ किती उरला आहे ते सांगत नाहीत.

उलट दिशेचीही एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जन्मोत्सवाला प्रचंड गर्दी होते. मेहकरच्या शारंगधर बालाजीचा उत्सव आहे. असा एखादा सोहळा कुणी फोनवरून थेट दाखवायचं ठरवलं, तर चित्र आधी त्या फोनवरून टॉवरपर्यंत चढायला हवं. टॉवरच्या अँटेनामागे दहा-वीस वॅटची ताकद असते. फोनची कमाल ताकद एक पंचमांश वॅट. त्यात गर्दीतला प्रत्येक फोन फोटो आणि स्टेटस टाकत असतो, तोही त्याच टॉवरवर. मग न्यू जर्सीत किंवा पुण्यात बसलेल्या मेहकरकराच्या घरी ५०० एमबीपीएसचं कनेक्शन असलं तरी त्याच्या टीव्हीवर गोल फिरतो, कारण चित्र निघतानाच तुटलेलं आहे. वाटेतली कुठलीही प्रत, कुठलाही सर्व्हर ते दुरुस्त करू शकत नाही. जे आलंच नाही ते कुणालाच मिळत नाही. उपाय महाग नाहीत. मंडपाजवळच्या एखाद्या घरातलं किंवा दुकानातलं फायबर तेवढ्या दिवसापुरतं घ्यावं, वायफाय टाळून कॅमेऱ्याच्या यंत्राला केबल जोडावी, आणि १०८०पीचा हट्ट सोडून ७२०पीला २० ते २५ लाख बिटांवर समाधान मानावं. कीर्तनाचं चित्र थोडं मऊ आलं तर चालतं. आवाज तुटला तर कीर्तन संपलं. म्हणून माइकची सोय कॅमेऱ्याच्या आधी करावी.

आता दर्जा मोजण्याकडे. हे मोजमाप कुणालाही घरबसल्या पाहता येतं. कॉम्प्युटरवर यूट्यूबचा व्हिडिओ चालू असताना त्यावर राइट क्लिक केलं की ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ असा पर्याय येतो. तो दाबला की कोपऱ्यात काळी चौकट उघडते. त्यात ‘कनेक्शन स्पीड’ म्हणजे तुकडे उतरण्याचा वेग, किलोबिटांत. ‘बफर हेल्थ’ म्हणजे टाकीतले शिल्लक सेकंद. ‘करंट’ आणि ‘ऑप्टिमल’ अशी दोन मापं शेजारी असतात: सध्या कुठला दर्जा चालू आहे आणि तुमच्या पडद्याला कुठला योग्य आहे. ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा भराभर वाढत असेल तर नेट बिचारं निर्दोष आहे, तुमचा जुना कॉम्प्युटर चित्र उलगडताना दमतो आहे. थेट प्रक्षेपण असेल तर सामना किती सेकंद मागे आहे तेही दिसतं. रात्री नऊ वाजता पाच मिनिटं ही चौकट उघडी ठेवून बघा. वेगाची रेघ दातरी होत खाली येते, बफर हेल्थ बारावरून आठवर, आठवरून तीनवर घसरतं, ॲप घाईने दर्जा खाली आणतं, आणि तरी शून्य झालं की गोल. कारण आणि परिणाम डोळ्यांसमोर घडताना दिसतात.

कंपन्यांकडे हेच आकडे करोडो फोनांवरून येतात. चित्र चालू असताना ॲप ठराविक अंतराने आपली नाडी कळवत राहतं: सुरू व्हायला किती वेळ लागला, किती वेळा अडकलं, किती सेकंद, दर्जा काय होता, गाव कुठलं, सेवादार कोण. २०११मध्ये कॉन्व्हिवा कंपनीतल्या आणि विद्यापीठांतल्या संशोधकांनी अशा नोंदींवरून दाखवलं की ९० मिनिटांच्या थेट कार्यक्रमात अडकण्याचं प्रमाण एक टक्क्याने वाढलं, तर माणूस तीन मिनिटांहून जास्त आधी उठून जातो. पुढच्या वर्षी आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी रमेश सीतारामन आणि अकामाईचे एस. षण्मुग कृष्णन यांनी ६७ लाख प्रेक्षकांच्या २ कोटी ३० लाख नोंदी तपासल्या. दोन सेकंदांत व्हिडिओ सुरू झाला नाही की लोक सोडून जायला लागतात, आणि पुढच्या प्रत्येक सेकंदाला आणखी ५.८ टक्के जातात, असं त्यांना आढळलं. हे निष्कर्ष व्हिडिओच्या धंद्यात सगळीकडे सांगितले जातात.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. ज्याचं कनेक्शन चांगलं तो लवकर चिडतो. ज्याचं कमजोर, तो जास्त वाट बघतो. फायबरवाला सोडून देतो तेव्हा मोबाइलवाला अजून गोलाकडे बघत बसलेला असतो. मेहकरच्या संदर्भात याचा अर्थ काय होतो बघा. कंपनी ‘किती लोक सोडून गेले’ या आकड्यावरून समाधान मोजत असेल, तर मेहकरचा प्रेक्षक तिला समाधानी दिसेल. तो समाधानी नसतो, त्याला सवय झालेली असते. त्याने नेट अडकणार हे गृहीत धरलेलं असतं. रात्री उशिरा, नेट मोकळं असताना व्हिडिओ उतरवून ठेवायचा आणि सकाळी बघायचा, अशी वहिवाट त्याने पाडलेली असते. आणि ज्याने संध्याकाळी बघायचंच सोडलं तो तर कुठल्याच नोंदीत येत नाही. ज्याची गैरसोय जास्त त्याची नोंद कमी, असा हा उलटा हिशेब आहे. शिवाय ॲप हुशार झालं आहे. ते अडकण्यापेक्षा २४०पीवर उतरतं, त्यामुळे ‘अडकणं’ या रकान्यात शून्य दिसतं.

सरासरी त्यावर आणखी पांघरूण घालते. समजा, एक कोटी लोक सामना बघताहेत, त्यांत मेहकरचे पाच हजार, आणि त्या पाच हजारांपैकी प्रत्येकाचं चित्र संध्याकाळभर अडकलं. देशाच्या आकड्यात फरक किती? ०.०५ टक्के. कंपनीच्या मुंबईतल्या पडद्यावर सगळं हिरवं दिसतं. म्हणून चांगले अभियंते सरासरी बघत नाहीत, शेपूट बघतात: सगळ्यात वाईट अनुभव आलेल्या पाच टक्क्यांचं काय झालं, आणि ते पाच टक्के कुठल्या गावात, कुठल्या सेवादाराकडे, कुठल्या वेळी एकवटले आहेत. मला वाटतं, व्हिडिओचा दर्जा सांभाळण्याचं खरं काम इथे सुरू होतं.

मोबाइल सेवेचं सरकारी मोजमापही वर्षानुवर्षं याच दोषाने अधू होतं. दूरसंचार नियामक, म्हणजे ट्राय, सेवेचा दर्जा परिमंडळानुसार मोजायचं. आपलं परिमंडळ मुंबई वगळून सगळा महाराष्ट्र आणि गोवा. पुणे, पणजी, मेहकर एकाच सरासरीत. २ ऑगस्ट २०२४ रोजी ट्रायने नवे नियम काढले, ते १ ऑक्टोबर २०२४पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. सेवादारांनी कुठे कुठलं नेटवर्क मिळतं याचे नकाशे प्रसिद्ध करायचे. एखाद्या जिल्ह्यात मोठा बिघाड होऊन सेवा चार तासांहून जास्त बंद राहिली तर २४ तासांत ट्रायला कळवायचं. २४ तासांहून जास्त बंद राहिली तर त्या जिल्ह्यातल्या पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ द्यायची. जिल्हा हे एकक धरणं ही मोठी सुधारणा आहे. पण पूर्ण बंद पडणं आणि रोज संध्याकाळी मंदावणं या वेगवेगळ्या तक्रारी आहेत, आणि मेहकरची रोजची तक्रार दुसऱ्या जातीची आहे. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची किमान मर्यादाही जानेवारी २०२३पर्यंत ५१२ केबीपीएस होती. तेव्हा ती २ एमबीपीएस झाली. दिवसाचा डेटा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, त्यात व्हिडिओ चालूच शकत नाही. तासभर ५ एमबीपीएसचा सामना बघितला तर सव्वादोन जीबी जातात, म्हणजे दीड जीबीचा रोजचा पॅक चाळीस मिनिटांत संपतो. संध्याकाळच्या अनेक तक्रारींचं मूळ इथेही असतं.

चांगलं चित्र म्हणजे काय, हेही सगळ्यांसाठी एक नाही. नेटफ्लिक्सने २०१६मध्ये व्हीमॅफ नावाची मोजणी खुली केली. माणसांनी दिलेल्या गुणांवरून शिकलेला संगणक चित्राला शून्य ते शंभर गुण देतो. मुळात ती घरच्या मोठ्या टीव्हीसमोर बसलेला प्रेक्षक धरून बनवलेली, फोनसाठी वेगळा हिशेब नंतर आला. फोनवर सामना बघणाऱ्याला ४८०पी पुरतं. जिल्हा परिषद शाळेत तोच ४८०पीचा धडा भिंतीवर मोठा करून लावला की फळ्यावरच्या समीकरणातला घातांक मागच्या बाकावरच्या मुलीला वाचता येत नाही. चित्र न अडकता चालू आहे, नोंदी हिरव्या आहेत, आणि धडा तिच्यापर्यंत पोचलेला नाही. २४ मार्च २०२० रोजी टाळेबंदीत मोबाइल नेटवर भार नको म्हणून नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, हॉटस्टारसह मोठ्या कंपन्यांनी मोबाइलवरचा दर्जा ४८०पीपर्यंतच ठेवायचं मान्य केलं. मालिका-सिनेमांसाठी तो निर्णय शहाणपणाचा होता. पुढच्या काही महिन्यांत त्याच नेटवरून शाळा भरल्या, तेव्हा अक्षर वाचता येतं का हा प्रश्न कुठल्या मोजमापात नव्हता. तो यायला हवा. शिक्षणाच्या व्हिडिओचा दर्जा मजकूर वाचता येण्यावर मोजला पाहिजे, आणि असे व्हिडिओ बनवणाऱ्यांनी २४०पीवरही वाचता येईल एवढं मोठं अक्षर लिहिलं पाहिजे.

मेहकरच्या माणसाला यात करता येण्यासारखं बरंच आहे. ‘नेट स्लो आहे’ एवढ्या तक्रारीवर कॉल सेंटर फोन बंद-चालू करायला सांगतं आणि विषय मिटवतं. त्याऐवजी सलग आठवडाभर दुपारी तीन आणि रात्री नऊ अशा दोन वेळांना ट्रायच्या मायस्पीड ॲपवर वेग तपासावा, यूट्यूबच्या त्या काळ्या चौकटीचा स्क्रीनशॉट काढावा, सोबत तारीख, वेळ, गल्ली लिहावी. दुपार-रात्रीत मोठी तफावत दिसली तर टॉवरवर किंवा केबलवाल्याच्या वरच्या लाइनवर गर्दी आहे. दोन्ही वेळा सारखाच कमी वेग असेल तर रेंजचा, वायरिंगचा किंवा वायफायचा दोष आहे. हा पुरावा जोडून तक्रार नोंदवावी, डॉकेट नंबर घ्यावा, आणि उत्तर पटलं नाही तर सेवादाराच्याच अपील प्राधिकरणाकडे जावं. ती सोय नियमात आहे. एका गल्लीतल्या दहा घरांनी एकाच आठवड्याच्या अशा नोंदी एकत्र दिल्या, तर त्या टॉवरला जोडणारी लाइन वाढवायची की आणखी एक पट्टा सुरू करायचा, हे ठरवायला अभियंत्याच्या हातात त्याला एरवी न मिळणारी माहिती येते.